चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील संकरित मक्याचे अर्थकारण

संकरित मका हे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत मुख्यतः धानाच्या जोडीने घेतले जाणारे पीक आहे. खरिपात ते उंचवट्याच्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीत घेतात. रब्बी व उन्हाळी हंगामात सिंचनाची सोय असलेल्या धानाच्या बांधीत घेतात. या भागातील बहुसंख्य शेतकरी अत्यल्प किंवा अल्प भूधारक आहेत. कृषिगणनेच्या व्याख्येनुसार एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर जमीन असणारा अल्पभूधारक होय. अशा शेतकऱ्याला संकरित मक्यातून किती नफा होतो, हे बियाण्याच्या उत्पादनक्षमतेपेक्षा तीन गोष्टींवर अधिक ठरते : पाण्याची खात्री, प्रत्यक्ष हाती पडणारा भाव आणि वन्यप्राण्यांपासून पिकाची राखण. यांपैकी राखणीचा खर्च लागवडखर्चाच्या नेहमीच्या हिशोबात सहसा दिसत नाही.

पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीच्या भौगोलिक क्षेत्रापैकी दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिकांच्या दृष्टीने दोन स्पष्ट भाग पडतात. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेकडील तालुक्यांत कापूस, सोयाबीन व तूर ही पिके प्रमुख आहेत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे पूर्वेकडील तालुके धानाचे आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा बहुतेक भागही धानाचाच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे या विभागासाठीचे संशोधन केंद्र सिंदेवाही येथे आहे.

मका या प्रदेशाला नवा नाही. घरामागच्या सांदवाडीत पावसाळ्याच्या सुरुवातीला स्थानिक मक्याच्या चार ओळी टाकायच्या आणि श्रावण-भाद्रपदात कणसे भाजून खायची, ही रीत गोंड, माडिया व इतर समाजांत जुनी आहे. त्या मक्याचे बी घरचे असे, खत शेणाचे असे आणि पीक विकायचे नसे. संकरित मका मात्र विकण्यासाठीच घेतला जातो. त्यामुळे सांदवाडीतील मक्याला कधी न लागलेला जमाखर्चाचा हिशोब त्याला लागू होतो.

संकरित बियाणे

भारतात अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला. त्यातून १९६१ मध्ये गंगा-१, गंगा-१०१, रणजीत आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत ‘हायब्रीड’ हा शब्द पुढे संकरित ज्वारीलाच चिकटला. मक्याला तो क्वचितच लावला जातो. सुरुवातीचे मक्याचे संकर चार जनकांपासून तयार होत. आज बाजारात मिळणारे बहुतेक वाण दोन शुद्ध जनक-ओळींपासून तयार केलेले एकेरी संकर आहेत. त्यांची झाडे सारख्या उंचीची असतात, कणसे एकाच वेळी पक्व होतात आणि उत्पादनक्षमता अधिक असते.

या लाभाची किंमत म्हणजे दरवर्षी विकत घ्यावे लागणारे बियाणे. संकरित पिकातील दाणे पुढच्या हंगामात पेरल्यास जनकांचे गुण विभागले जातात, झाडे लहानमोठी निघतात व उत्पादन घटते. मांजरी, करवीर, पंचगंगा यांसारख्या संमिश्र वाणांचे बी काळजीपूर्वक निवडून काही हंगाम वापरता येते. संकरित वाणांचे येत नाही. म्हणून पेरणीच्या वेळी रोख रक्कम किंवा कृषी केंद्राची उधारी या दोहोंपैकी एक हाताशी असावी लागते. उधारीवर बियाणे, खत व औषध घेणाऱ्या शेतकऱ्याला वाण निवडण्याचे आणि माल केव्हा विकायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कमी उरते.

हंगाम आणि जमीन

मक्याला पाणी लागते, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. रोपावस्थेत दोन-तीन दिवस पाणी तुंबले तरी पीक पिवळे पडते. त्यामुळे खरिपात धानाच्या सखल बांधीत मका घेणे धोक्याचे ठरते. पाण्याचा निचरा होणारी मुरमाड, उताराची जमीन त्याला मानवते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मिळालेल्या वैयक्तिक पट्ट्यांपैकी ज्या जमिनी उंचवट्यावर व कोरडवाहू आहेत, त्यांवर धानापेक्षा मका बरा येऊ शकतो. तेथे अडचण येते ती काढणीच्या वेळी. लवकर पक्व होणारा वाण सप्टेंबरअखेर परतीच्या पावसात सापडला, तर कणसे वाळत नाहीत आणि दाण्याला बुरशी लागते.

रब्बी मका धान निघाल्यावर पेरतात. यासाठी आसोलामेंढा, इटियाडोह, दिना यांसारख्या प्रकल्पांचे लाभक्षेत्र, माजी मालगुजारी तलाव, बोडी, विहीर किंवा नदीवरील मोटारपंप यांपैकी एखादा पाण्याचा आधार लागतो. रोपावस्था, तुरा येण्याची अवस्था, कणसाला स्त्रीकेसर फुटण्याची अवस्था आणि दाणे भरण्याची अवस्था या चार वेळी पाणी चुकू नये. उन्हाळी धानाच्या तुलनेत मक्याला निम्म्याहून कमी पाणी पुरते. तलावात थोडे पाणी शिल्लक असताना मका निवडण्याचे हेच मुख्य कारण आहे.

पेरणीची तारीख येथे पैशाशी थेट जोडलेली आहे. भारी धान डिसेंबरपर्यंत शेतात उभा राहतो. त्यानंतर बांधी वाफशावर येऊन नांगरणी होईतो महिना उलटतो. जानेवारीच्या उत्तरार्धात पेरलेला मका मार्चअखेर ते एप्रिलमध्ये तुऱ्यावर येतो. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अतितीव्र उन्हाळ्यांपैकी एक आहे. तापमान चाळिशीकडे गेले की परागकण निकामी होऊ लागतात आणि कणसात दाणे तुरळक भरतात. म्हणून रब्बी मक्यासाठी हलक्या किंवा मध्यम कालावधीचा धान घेऊन नोव्हेंबरमध्ये शेत मोकळे करणे फायद्याचे ठरते.

लागवडीचा खर्च

७५ × २० सेंटिमीटर अंतरावर टोकण केल्यास एकरी सुमारे २६ ते २७ हजार झाडे बसतात आणि त्यासाठी साधारण ८ किलो बियाणे लागते. हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी हे प्रमाण ४८, २४ व १६ किलो होते. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यातून जवळजवळ सगळे स्फुरद आणि ९ किलो नत्र मिळते. उरलेल्या नत्रासाठी ४५ किलोची युरियाची दोन पोती लागतात. डीएपीचे पोते १,३५० रुपये आणि युरियाचे २६६.५० रुपये या अनुदानित दरांनी ही तीन पोती १,८८३ रुपयांना पडतात. पालाश आणि जस्त यांचा खर्च वेगळा.

२०१८ मध्ये कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. तेव्हापासून कीडनियंत्रण ही मक्याच्या खर्चातील कायमची बाब झाली आहे. ही अळी पोंग्यात शिरून कोवळी पाने खाते. पीक गुडघ्याएवढे होण्याच्या आत अंडीपुंज वेचून चिरडणे, कामगंध सापळे लावणे व निंबोळी अर्काची फवारणी करणे यांनी खर्च आटोक्यात राहतो. अळी पोंग्यात मोठी झाल्यावर महागडी औषधेही तितकीशी उपयोगी पडत नाहीत.

पुढील तक्ता हिशोबाची रीत दाखवण्यासाठी मांडलेला नमुना आहे. तो धानानंतरच्या एक एकर रब्बी मक्याचा असून त्यातील रकमा गृहीत धरलेल्या आहेत. गाव, वर्ष व शेत यांप्रमाणे त्या बदलून घ्याव्यात. मजुरी दिवसाला ३०० रुपये धरली आहे. रोजगार हमी योजनेचा महाराष्ट्रातील दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता.

| बाब | रुपये |
|---|---|
| बियाणे (८ किलो) | ३,२०० |
| नांगरणी व मशागत | ३,५०० |
| खते (पालाश व जस्त यांसह) | ३,३०० |
| तणनाशक व कीटकनाशक | २,५०० |
| सिंचन | २,००० |
| रोजाने लावलेली मजुरी (१० दिवस) | ३,००० |
| काढणीपूर्वीचा रोख खर्च, एकूण | १७,५०० |
| मळणी, पोती व वाहतूक | दर क्विंटलला २०० |
| घरच्या माणसांची मजुरी (२५ दिवस) | ७,५०० |

कृषिमूल्य आयोगाच्या परिभाषेत प्रत्यक्ष दिलेल्या खर्चाला ‘अ-२’ म्हणतात. त्यात कुटुंबाच्या श्रमाचे मोल मिळवले की ‘अ-२ अधिक कुटुंबश्रम’ हा खर्च होतो आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज धरले की ‘क-२’ हा सर्वसमावेशक खर्च निघतो. वरील तक्ता दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात जमिनीचा खंड नाही.

हमीभाव आणि हाती येणारा भाव

केंद्र सरकारने मक्याची किमान आधारभूत किंमत २०२३-२४ साठी क्विंटलला २,०९० रुपये, २०२४-२५ साठी २,२२५ रुपये आणि २०२५-२६ साठी २,४०० रुपये जाहीर केली. २०२५-२६ साठी कृषिमूल्य आयोगाने मक्याचा ‘अ-२ अधिक कुटुंबश्रम’ खर्च क्विंटलला १,५०८ रुपये धरला होता. त्या हिशोबाने खर्चावर ५९ टक्के परतावा दिसतो. हा खर्च देशाची सरासरी आहे आणि हा परतावा माल हमीभावाने विकला गेला तरच खरा ठरतो.

हमीभावाने खरेदी करणाऱ्या यंत्रणा राज्यात दोन आहेत : बिगर आदिवासी भागात राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. धानाच्या खरेदीची त्यांची घडी या जिल्ह्यांत बसलेली आहे. खरीप धानाला राज्याने २०२३-२४ च्या हंगामासाठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहन रक्कमही जाहीर केली होती. मक्याला अशी जोड नसल्याने खरिपात धानाची बांधी मोडून मका लावण्याकडे कल दिसत नाही. मक्याची बरीचशी विक्री खाजगी व्यापाऱ्यांमार्फत होते.

मक्याचा भाव कोंबडीखाद्य, स्टार्च आणि इथेनॉल या उद्योगांच्या मागणीवर हलतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा मक्याची मागणी वाढली आणि २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात मका हा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. पुढे अन्न महामंडळाचा तांदूळही इथेनॉलसाठी देण्यात येऊ लागला. २०२५ च्या खरीप मालाची आवक सुरू झाल्यावर राज्यातील अनेक बाजार समित्यांत मका हमीभावाच्या बराच खाली विकला गेला. भामरागड, एटापल्ली किंवा कोरचीच्या शेतकऱ्याला या भावातून दूरच्या वाहतुकीचा खर्चही सोसावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज (वडसा) हेच दीर्घकाळ एकमेव रेल्वे स्थानक राहिले आहे.

दाण्यातील ओलावा हा भावकपातीचा नेहमीचा मुद्दा आहे. साठवणीसाठी व विक्रीसाठी तो १४ टक्क्यांपर्यंत असावा. २० टक्के ओलाव्याचा २० क्विंटल मका वाळवून १४ टक्क्यांवर आणला तर तो सुमारे १८.६ क्विंटल भरतो. म्हणजे वजनात दीड क्विंटलाहून कमी घट होते. व्यापारी त्याहून अधिक वजन कापत असेल किंवा भाव पाडून मागत असेल, तर ताडपत्रीवर वाळवण्याचे चार दिवस परवडतात.

नफ्याचे गणित

वरील नमुना खर्चावर उत्पादन आणि भाव यांच्या चार जोड्या पुढीलप्रमाणे मांडता येतात. यांतील १,६०० रुपये हा पडत्या भावाचा नमुना आहे.

| एकरी उत्पादन | भाव (रु. प्रति क्विंटल) | विक्री (रु.) | रोख खर्च वजा जाता (रु.) | घरची मजुरीही वजा जाता (रु.) |
|---|---|---|---|---|
| २० क्विंटल | २,४०० | ४८,००० | २६,५०० | १९,००० |
| २० क्विंटल | १,६०० | ३२,००० | १०,५०० | ३,००० |
| १२ क्विंटल | २,४०० | २८,८०० | ८,९०० | १,४०० |
| १२ क्विंटल | १,६०० | १९,२०० | तोटा ७०० | तोटा ८,२०० |

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, उत्पादन घटले तरी खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. २० क्विंटल उत्पादनाला घरच्या मजुरीसह क्विंटलमागे १,४५० रुपये खर्च येतो, १२ क्विंटल झाल्यास तोच खर्च सुमारे २,२८३ रुपयांवर जातो. दुसरी, ना नफा ना तोटा ही रेषा भावाबरोबर वेगाने सरकते. घरच्या मजुरीसह खर्च भरून निघण्यासाठी २,४०० रुपये भावाला सुमारे साडेअकरा क्विंटल पुरतात. १,६०० रुपये भावाला सुमारे अठरा क्विंटल लागतात. ‘एकरी अमुक क्विंटल’ हा बियाण्याच्या पाकिटावरील दावा म्हणूनच अपुरा असतो. शेतकऱ्याने आपल्या भावाला आपली रेषा किती क्विंटलांवर येते, ते आधी काढणे आवश्यक आहे.

जागलीचा खर्च

वनालगतच्या गावांत मक्याचा सर्वांत मोठा शत्रू रानडुक्कर आहे. हरिण व माकडे कोवळे पीक आणि कणसे खातात. रानडुकरे झाडे आडवी करतात, त्यामुळे खाल्ल्यापेक्षा नासधूस अधिक होते. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेल्या रानटी हत्तींच्या कळपानेही पिकांचे नुकसान केले आहे. एकरी २० क्विंटल उत्पादन धरल्यास एका झाडामागे सरासरी ७५ ग्रॅम दाणे मिळतात. एका रात्रीत हजार झाडे गेली की ७५ किलो मका, म्हणजे हमीभावाने १,८०० रुपये गेले.

रब्बीत हा धोका वाढतो. धान निघून गेल्यावर शिवार मोकळे पडते आणि त्यात एखादेच मक्याचे हिरवे शेत उभे असते. दाणा दुधात आल्यापासून काढणीपर्यंत सुमारे ४० रात्री जागल करावी लागते. एका रात्रीचे मोल अर्धी मजुरी, म्हणजे १५० रुपये धरले, तरी एकट्या शेतकऱ्याला ही राखण ६,००० रुपयांना पडते. हा खर्च धरल्यास पहिल्या जोडीतील १९,००० रुपयांचे १३,००० रुपये होतात आणि दुसऱ्या जोडीतील ३,००० रुपयांचा नफा तेवढ्याच तोट्यात जातो.

जागलीला पैशाखेरीज जिवाचाही धोका आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेरही वाघांचा वावर आहे आणि शेतात गेलेली माणसे हल्ल्यांत मृत्युमुखी पडली आहेत. जागल टाळण्यासाठी कुंपणाच्या तारेत थेट वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा आहे. अशा तारांनी वन्यप्राण्यांप्रमाणे माणसांचेही बळी घेतले आहेत. मानक यंत्राचे, क्षणिक धक्का देणारे सौर कुंपण हा कायदेशीर पर्याय आहे.

राखणीचा खर्च कमी करण्याचा परिणामकारक मार्ग म्हणजे सलग क्षेत्रात मका घेणे. आठ शेतकऱ्यांनी लागून आठ एकर मका लावला आणि रोज दोघांनी पाळीने जागल केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० ऐवजी १० रात्री येतात आणि कोणालाही एकट्याने शेतात थांबावे लागत नाही. कुंपणाचेही तसेच आहे. एक एकराच्या चौरस शेताचा घेर सुमारे २५४ मीटर असतो. आठ एकरांच्या सलग आयताकृती पट्ट्याचा घेर सुमारे ७६३ मीटर, म्हणजे एकरी ९५ मीटर भरतो. मालाचा एक ट्रक भरण्याइतका मका एका ठिकाणी निघाल्याने भावाच्या बोलणीतही गटाची बाजू वरचढ राहते.

भरपाई आणि विमा

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते. त्यासाठी नुकसान दिसताच अर्ज करावा लागतो व पंचनामा झाल्यावर रक्कम ठरते. सात-बारावर रब्बी मक्याची नोंद, म्हणजे ई-पीक पाहणी, झालेली नसल्यास भरपाई, विमा आणि हमीभाव खरेदी या तिन्ही ठिकाणी अडचण येते. पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्ती म्हणून धरण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. विमा अधिसूचित पिकांनाच लागू होत असल्याने आपल्या तालुक्यात त्या हंगामासाठी मका अधिसूचित आहे का, हे पेरणीपूर्वी पाहावे लागते.

लागवडीची अनुकूल परिस्थिती

या दोन जिल्ह्यांत संकरित मका सर्वत्र फायद्याचा किंवा सर्वत्र तोट्याचा ठरत नाही. चार पाण्यांची खात्री आहे, धान नोव्हेंबरमध्ये निघतो, शेजारच्या बांध्यांतही मका आहे आणि खरेदी केंद्र किंवा एकाहून अधिक व्यापारी आवाक्यात आहेत, तेथे अल्पभूधारकाला घरच्या श्रमाचे मोल मिळून वर काही रक्कम उरू शकते. याशिवाय जनावरांना वैरण मिळते, आणि शहराजवळच्या गावांत ओली कणसे विकून रोख पैसा लवकर हाती येतो. पाणी अपुरे असेल किंवा जंगलाच्या कडेला एकाकी शेत असेल, तर ओलिताशिवाय येणारी लाखोळी, हरभरा, जवस ही पारंपरिक पिके कमी उत्पन्न देऊनही कमी जोखमीची ठरतात, कारण त्यांत बुडण्याजोगी रोख रक्कमच थोडी गुंतलेली असते.